मागचे चाक डुलते तेव्हा आधी काय तपासाल?

गोंडपिपरीहून कोठारीमार्गे बल्लारपूर गाठा, आष्टीच्या पुलाकडे निघा किंवा आत धाब्याकडे वळा, पावसाळा सरत आला की जुन्या गाडीवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते : "गाडी मांगून हालते, भाऊ." पुढे काय होते तेही ठरलेलेच. टायरवाल्याकडे गेलात तर टायर बदलले जातात, अलाइनमेंटच्या दुकानात गेलात तर अलाइनमेंट होते आणि गॅरेजमध्ये नेली तर दोन्ही शॉकअप नवे बसतात. एवढे करून गाडी घरी निघते आणि काटा सत्तरवर गेला की सीट पुन्हा थरथरू लागते.

यात कुणी लबाडी करतो असे नाही. प्रत्येकाला आपल्या कामातला दोष आधी दिसतो, एवढेच. पण दोष कुठे आहे ते न शोधता सुटे भाग बदलत जाणे फार महाग पडते, आणि शोधायला लागते ते सामान बहुतेक घरी असतेच : जॅक, व्हीलपाना, खडूचा तुकडा, मोजपट्टी, बऱ्या अवस्थेतली स्टेपनी आणि हाताशी एक माणूस. गाडी ८००, अल्टो, ओम्नी, इंडिका किंवा बोलेरो असो, रीत तीच. शेवटची मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये तयार झाली आणि ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. म्हणजे या गाड्यांचे रबर, बेरिंग आणि रिम यांनी आता भरपूर रस्ता खाल्लेला आहे. त्यात सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक आलापल्ली-आष्टी मार्गावर धावू लागल्यापासून त्या रस्त्याची जी दशा झाली, ती इथल्या वाचकाला वेगळी सांगायला नको.

आधी हलते कुठे ते ओळखा. स्टिअरिंग हातात थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग शांत आहे, पण सीट, पायाखालची फरशी आणि मागे बसणाऱ्याची पाठ हलते, तर दोष बहुधा मागे. चालवणाऱ्यापेक्षा मागच्या बाकावरच्या माणसाला हे लवकर कळते, म्हणून तपासाच्या फेरीला कुणाला तरी मागे बसवा. घरातले म्हातारे माणूस बरेच दिवस "गाडी डुलते" म्हणून कुरकुरत असेल, तर ते बहुतेक वेळा बरोबर असते.

दुसरी गोष्ट वेगाची. कोणत्या वेगाला हलते ते कागदावर लिहून ठेवा. निम्मे निदान तिथेच होते. वीस-तीसच्या वेगालाच गाडी मागून डावी-उजवी झुलत असेल तर रिम वाकलेली, टायर फुगलेला किंवा नट ढिले. साठ-सत्तरपर्यंत सगळे ठीक आणि त्यापुढेच बारीक थरथर, तर बॅलन्सिंग बिघडलेले. वेगाबरोबर चढत जाणारी घूं-घूं असेल तर बेरिंग. सरळ रस्त्यावर काही नाही, पण वळणावर किंवा खड्डा ओलांडल्यावर मागचा भाग एकदोन हेलकावे खातो, तर बुश किंवा पाटे. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे येत असतील तर ड्रम. या खुणा एकमेकींत मिसळतात, तरी सुरुवात कुठून करायची ते त्यांवरून ठरते.

गाडी उचलण्याआधी जमिनीवरच चारी चाकांचे नट तपासा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत धोक्याचा दोष हाच. पंक्चर काढल्यावर घाईत नट हाताने फिरवून गाडी जॅकवरून उतरवली आणि शेवटचा आवळ द्यायचा राहिला, असे होते. ढिल्या नटांचे चाक आधी कट्-कट् वाजते, मग डुलते. या टप्प्यावर थांबला नाहीत तर स्टड तुटतात किंवा रिमची भोके लांबट होतात, आणि तसली रिम कितीही आवळली तरी मधोमध बसत नाही. ती भंगारात द्या. नटाची निमुळती बाजू रिमकडे हवी. उलटा बसवलेला नट घट्ट वाटतो, पण धरत नाही. आवळताना एकाशेजारी एक असे न जाता समोरासमोरचे नट घ्या, दोन-तीन फेऱ्यांत. पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. छोट्या गाडीला फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाशी हाताचा पंचवीस-तीस किलोचा जोर पुरतो. त्यापेक्षा जास्त जोराने स्टड ताणला जातो आणि पुढच्या पंक्चरला तुटतो. चाक काढून बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा बघायचे.

नट ठीक असतील तर रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. हा तपास बहुतेकांकडून राहून जातो आणि आपल्या भागात तोच सगळ्यांत आधी हवा. धानाच्या बांधीकडे जाणारी वाट असो की कापसाच्या शेताकडची, काळी माती रिमच्या आतल्या वळणात जाऊन बसते आणि उन्हात वाळून दगडासारखी घट्ट होते. बाहेरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते, आत ढेकूळ तसेच असते. ढेकूळ क्षुल्लक वाटते, म्हणून थोडा हिशेब करू. ८०० चे बारा इंची चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला तेरा-चौदा फेऱ्या घेते. मध्यापासून पंधरा सेंटिमीटरवर एका जागी पन्नास ग्रॅम माती चिकटलेली असेल, तर त्या वेगाला ती चाकाला प्रत्येक फेरीत पाच-सहा किलोच्या जोराने बाहेर ओढते. वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो. म्हणूनच चाळीसला गाडी गरीब आणि ऐंशीला पिसाळलेली. लाकडी खुट्याने माती खरवडा, पाणी मारा, वाळू द्या आणि त्याच रस्त्यावर फेरी मारून बघा. थरथर गेली तर तुमचा खर्च बादलीभर पाण्याचा.

नाही गेली तर टायर. तळहात टायरवर सावकाश फिरवा, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि दोन्ही गालांवर. कुठे फुगवटा लागला तर आतले धागे किंवा तारा सुटल्या आहेत. तो टायर उद्या फुटणार म्हणून आजच काढायचा. रस्त्याकडची बाजू लाटेसारखी, एकाआड एक खोलगट झिजलेली असेल तर शॉकअप किंवा बुशाने ती झीज केली आहे. टायरच्या गालावर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि मालक खूश असतो, पण रबर कडक होऊन भेगाळलेले असते. नक्षीपेक्षा या चार आकड्यांवर भरवसा ठेवा. महिनोन्महिने एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर टेकलेल्या जागी चपटे होतात. त्याने होणारी धडधड दहा-पंधरा किलोमीटरनंतर कमी झाली तर काळजी नाही.

आता या लेखातली खरी चाचणी. संशयित मागचे चाक काढा आणि ते पुढे लावा, पुढचे मागे आणा. त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जा. स्टिअरिंग थरथरू लागले आणि मागचा भाग शांत झाला, तर दोष चाकाबरोबर पुढे गेला : टायर किंवा रिम दोषी. चाक बदलूनही मागचे हलणे तसेच राहिले, तर चाकाला निर्दोष सोडा. दोष ते जिथे बसते तिथे आहे, म्हणजे ड्रम, बेरिंग, अ‍ॅक्सल किंवा बुशात. हवे तर स्टेपनी लावूनही हेच करता येते. पण स्टेपनीची हवा आणि अवस्था आधी बघा, कारण बहुतेक गाड्यांत स्टेपनी म्हणून मागचा टाकाऊ टायरच पडून असतो. एवढी एक अदलाबदल न करता कुणी बेरिंग किंवा शॉकअपची चिठ्ठी लिहून देत असेल, तर ती चिठ्ठी खिशात ठेवा आणि आधी चाक बदलून पाहा.

चाक दोषी ठरले तर टायर की रिम, हे जॅकवर कळते. आणि जॅकबद्दल काटेकोर बोलले पाहिजे. या सगळ्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो; मागचे चाक फिरवून बघायचे म्हणजे तो सोडावा लागणार. ८०० किंवा अल्टो पुढच्या चाकांवर चालते, म्हणून पहिला गिअर टाकला की ती धरून राहते. ओम्नी आणि बोलेरो मागच्या चाकांवर चालतात. एक मागचे चाक उचलले की गिअर असूनही डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते आणि गाडी घरंगळू शकते. तेव्हा गाडी कोणतीही असो, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावल्याशिवाय जॅकला हात घालू नका. काळ्या मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी ठेवा. उचललेल्या गाडीखाली घोडी किंवा सागाचा भरीव ओंडका सरकवा. विटा आणि सिमेंटचे ठोकळे नकोत, ते अचानक फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालायचे नाही, मिस्त्री घालत असला तरी.

चाक वर आले की जमिनीवर टेकवून एक काडी रिमच्या कडेच्या अगदी जवळ धरा आणि चाक हाताने फिरवा. कड काडीजवळ येते, दूर जाते, असे दिसले तर रिम वाकलेली. खडू धरलात तर जवळ येणाऱ्या जागी रेघ उमटते, म्हणजे वाक कुठे आहे तेही सापडले. फरक दीड मिलिमीटरच्या वर असेल तर तो रस्त्यावर जाणवतो. मग तीच काडी टायरच्या माथ्याजवळ धरा. रिम सरळ फिरते आणि टायर वरखाली उड्या मारतो, तर टायर गेला, किंवा रिमवर नीट बसलेला नाही. लोखंडी रिमची किरकोळ वाकलेली कड ठोकून सरळ होते. मधला, नटांचा भाग वाकला असेल तर ठोकाठोकीत पैसे घालू नका, दुसरी रिम बघा. अलॉय रिमला तडा गेला असेल तर वेल्डिंग करून ती चालवू नये, हे माझे ठाम मत आहे. चाक काढलेलेच आहे तर ड्रमचा चेहरा आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने घासून घ्या. गंजाचा पोपडा किंवा मातीचा थर मध्ये राहिला की चांगले चाकही तिरके बसते आणि दोन नवे टायर घालूनही डुलतच राहते. यानंतर बॅलन्सिंग. जवळपास यंत्र नसेल तर बल्लारपूर-चंद्रपूरची पुढची फेरी होईल तेव्हा करून घ्या. आणि करणाऱ्याला मागचीही दोन्ही चाके करायला सांगा, कारण बरेच जण पुढची दोन करून मोकळे होतात.

चाक निर्दोष सुटले तर बेरिंग. उचललेले चाक एकदा वर-खाली धरून आणि एकदा दोन्ही बाजूंना धरून हलवा. खट्-खट् असे ढिलेपण लागले की आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपण गेले, तर बेरिंग. कारण ब्रेकने ड्रम जखडला आणि बेरिंगची खेळी बंद झाली. ब्रेक दाबूनही हलतेच, तर बेरिंगच्या पलीकडे, बुश किंवा अ‍ॅक्सलच्या जोडात शोधा. ही युक्ती जुन्या मिस्त्र्यांच्या हातची आहे आणि तिला यंत्र लागत नाही. ढिलेपण नाही, पण चाक फिरवताना खरखर येते आणि हात स्प्रिंगवर ठेवला तर ती बारीक कंपते, तरी बेरिंगच. रस्त्यावरची खूण अशी : डावीकडे वळताना घूं-घूं वाढली तर बहुधा उजवे बेरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

पुराचा विषय इथेच येतो. वैनगंगा चढली की आष्टीकडचा रस्ता बंद होतो, ते सर्वांना दिसते. पण गाडीचे नुकसान लहान नाल्यांच्या रपट्यांवर होते. धावून तापलेला ड्रम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधी होते, बेरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि महिना-दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, आवाज सुरू होतो. तोवर रपटा कुणाच्या लक्षातही नसतो. चाकाच्या अर्ध्यापर्यंतच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ड्रम उघडून ग्रीस आणि सील बघून घ्या. बेरिंग बदलताना सील नवेच घालायचे, स्प्लिट पिन असेल तर तीही नवी. आणि नट किती आवळायचा ते त्या मॉडेलप्रमाणे : काही गाड्यांची टेपर बेरिंग अंदाज घेऊन किंचित मोकळी ठेवतात, ८०० सारख्यांची पूर्ण आवळतात. सगळ्यांना एकच माप लावणारा मिस्त्री दिसला तर त्याला थांबवा. ओम्नी-बोलेरोत मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळलेले दिसले, तर अ‍ॅक्सलचे सील गेले आहे. ते तेल ब्रेकच्या शूजवर उतरते आणि त्या चाकाचा ब्रेक लागत नाही. हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

पाट्यांच्या गाडीत, म्हणजे ओम्नी आणि बोलेरोत, अ‍ॅक्सल पाट्याला यू-बोल्टने बांधलेला असतो आणि मधल्या सेंटर बोल्टने जागेवर राहतो. धानाची पोती किंवा लग्नाचे वऱ्हाड कोंबून खड्ड्यांतून नेले की यू-बोल्ट ढिले पडतात, मग सेंटर बोल्ट कापला जातो आणि अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो. गाडी रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसते. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने दोन्ही बाजूंना मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तो चाकाचा प्रश्न नाही. पाटा तुटलेला आहे का, शॅकलचे बुश फुटलेत का, तेही तिथेच बघा. ८००, अल्टो, वॅगन-आर यांसारख्या मारुतींत पाटे नसतात. तिथे अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा लॅटरल रॉड असतो. त्याचे रबरी बुश झिजले की गाडी वळणावर मागून झुलते आणि शेजारून ट्रक गेला की हेलकावते. मदतनिसाला गाडी बाजूने ढकलायला सांगा आणि रॉडच्या दोन्ही टोकांकडे बघा. रबरात लोखंड हलताना दिसेल. हे बुश स्वस्त असतात आणि बदलले की गाडी नवी झाल्यासारखी वाटते. तरी शॉकअपच्या आधी त्यांचे नाव क्वचितच निघते.

शॉकअप खरोखर गेलेला असतो तेव्हा त्यावर तेलाचे ओघळ असतात, आणि डिकीवर जोर देऊन सोडले की गाडी दोन-तीनदा वरखाली होते. या दोन खुणा नसतील तर शॉकअप बदलू नका. ड्रमची परीक्षा मोकळ्या सरळ रस्त्यावर : तीसच्या वेगाला हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. एकसारखा जोर लागण्याऐवजी ठेके आले तर ड्रम वाटोळा राहिलेला नाही. तो लेथवर घासता येतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल मापाच्या आत. ओम्नी-बोलेरोत बारीक झिणझिण असेल आणि गिअर टाकताना खालून टक् वाजत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघा. शाफ्ट चाकाच्या चार-पाच पट फिरतो म्हणून त्याची थरथर बारीक लागते. आणि अलाइनमेंट : मागे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत मागच्या चाकाला फिरवण्याजोगा स्क्रूच नसतो. मागचे डुलणे अलाइनमेंटने जाईल असे कुणी म्हणाले तर पैसे देऊ नका.

गाडी मिस्त्रीकडे नेताना "मागून हलते" एवढेच सांगू नका. कोणत्या वेगाला, वळणावर की सरळ, रिकामी की भरलेली, चाक पुढे लावल्यावर काय झाले, हे सांगा. गाडी पंधरा वर्षांची होऊन पुनर्नोंदणीला आली असेल तर तपासणी होणारच आहे. त्याआधीच हे उरकून घ्या.

वाटेत हे सुरू झाले तर ठिकाण बघून थांबा. कोठारी आणि धाबा या वनपरिक्षेत्रांत वाघाचा वावर आहे. दिवस मावळताना जंगलात गाडीखाली शिरू नका. नट आवळून वीसच्या वेगाने वस्तीपर्यंत जा. मात्र नट आवळूनही पुन्हा ढिले होत असतील, चाकातून लोखंड घासल्याचा आवाज येत असेल किंवा ड्रम हात लावू न देण्याइतका तापला असेल, तर वस्तीत पोहोचल्यावर पुढे जाऊ नका. चंद्रपूरपर्यंत "हळूहळू नेऊ" हा विचार सोडा आणि मिस्त्रीला तिथेच बोलवा. बेरिंग जाम होऊन निखळलेले चाक गाडीच्या पुढे धावते, आणि समोरून खनिजाचा ट्रक येत असतो.